वृंदाचा डावा घोटा

मंगळवार, ४ मार्च २०२५

क्लबने प्रत्येक नवशिक्याला एक छापील वही दिली आहे. तिच्यात खोली, वेळ आणि सिलिंडरमधली शिल्लक हवा लिहायला रकाने आहेत. मनस्तापाला रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही, मराठीत. शिवाय वृंदा परवा म्हणालीच होती, "तुला जे जे वाटतं ना पद्माकर, ते लिहून काढत जा. सगळं मलाच सांगायला हवं असं नाही." कल्पना चांगली आहे. ती सहसा असलं काही सुचवत नाही.

तर आजची नोंद. वय अठ्ठेचाळीस, सहाव्या वर्षापासून पुण्यात टँकवर पोहलेला, विद्यापीठाच्या संघातून शंभर मीटर फ्रीस्टाइलची दोन पदकं आणलेला मी, आज डब्लिनमधल्या टालाच्या पोहण्याच्या तलावात एका प्लंबरच्या तोंडून ऐकून आलो की मला पाय मारता येत नाहीत.

प्लंबर म्हणजे डोनल, स्कूबा क्लबचा प्रशिक्षक. माणूस सज्जन, बोलणं मोजकं. पाठीवर सिलिंडर आणि पायात फिन्स चढवून मी तळालगत असा काही सुटलो की बाकीचे नवशिके बघतच राहिले. वर आल्यावर डोनल म्हणाला, "किक सुंदर आहे. शर्यत असली की तुला नक्की बोलावीन." मग समजावलं. पाय असे वरखाली आपटले की समुद्रात तळाचा गाळ उसळतो, मागच्याला काही दिसत नाही आणि आपली हवा भसाभस संपते. खाली लागते ती फ्रॉग किक. गुडघे वाकवायचे, पाय बेडकासारखे बाहेर फाकवायचे, तळव्यांनी पाणी मागे ढकलायचं, पाय जुळवायचे आणि मग थांबायचं.

"किती वेळ थांबायचं?" मी विचारलं.

"वेग संपेपर्यंत."

हे काय उत्तर झालं? मी औषधांच्या कारखान्यात व्हॅलिडेशनचं, म्हणजे प्रत्येक पायरी तपासून प्रमाणित करण्याचं काम करतो. तिथे कुणी 'वेग संपेपर्यंत' असं लिहिलं तर मी कागद परत पाठवतो.

वृंदा दुसऱ्या टोकाला होती. ती पोहायला शिकली एक्केचाळिसाव्या वर्षी, इथेच, आजीबाईंच्या बॅचमध्ये, आणि शिकली ते ब्रेस्टस्ट्रोक. त्यामुळे तिचे पाय आपोआप बेडकासारखे चालतात. नशीब एकेकाचं. बॉल्सब्रिजच्या तिच्या ऑफिसातली फिनोला तिला दोन वर्षांपूर्वी या क्लबात घेऊन आली. आता वृंदाकडे वरची श्रेणी आहे. खाली जोडीनेच उतरायचं असतं, जोडीदाराला बडी म्हणतात, आणि वृंदा एका नवख्याला बडी म्हणून सोबत नेऊ शकते.

ऑगस्टच्या लाँग वीकेंडला क्लब पश्चिम किनाऱ्यावर कोनेमाराला जातो. तोवर पास व्हायचं आणि वृंदाचा बडी म्हणून उतरायचं, हे माझं उद्दिष्ट. कारण खरं सांगायचं तर असं, की ती दर डाइव्हनंतर घरी येते तेव्हा तिचा चेहरा वेगळाच असतो. मी विचारतो, "काय काय पाहिलंस?" ती म्हणते, "छान होतं." बस, एवढंच. दोन वर्षं 'छान होतं' ऐकतोय. आता मला स्वतः खाली जाऊन बघायचंय तिथे एवढं काय आहे ते.

मंगळवार, ११ मार्च

फ्रॉग किक मारताना उजव्या फिनने डोनलचा मास्क उडवला. तो म्हणाला, "ग्रँड." इथे हात मोडला तरी माणसं ग्रँडच असतात.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी दिवाणखान्यात इस्त्रीच्या टेबलावर पोटावर पडून पायांचा सराव केला. फिन्स लावूनच, कारण त्याशिवाय कोन समजत नाही. कोपऱ्यातला दिवा पडला. भार्गवी जिन्यावरून आली, सोळा वर्षांची आहे, सगळं मराठी समजतं पण उत्तर पक्क्या डब्लिनी इंग्रजीत. म्हणाली, "जीझस, डॅड." आणि परत वर गेली. फिन्स हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांवर वाळत घातल्या म्हणून पुन्हा खाली येऊन एकदा ओरडली.

पण वेळ वाया गेला नाही. मी फ्रॉग किकची कार्यपद्धती लिहून काढली. चौदा मुद्दे. गुडघ्याचा कोन, घोट्याचा कोन, ढकलण्याचा कालावधी १.२ सेकंद, विश्रांतीचा कालावधी ४ सेकंद. उद्या कारखान्यात लॅमिनेट करून आणतो. ज्या गोष्टी लिहून काढता येतात त्या जमतातच, असा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

बुधवार, २ एप्रिल

तीन आठवडे झाले. चौदाही मुद्दे पाठ आहेत. जमत काही नाही. पहिल्या दोन किक बऱ्या पडतात, मग त्या चार सेकंदांच्या विश्रांतीत पाय आपले आपणच वरखाली चालू होतात. हातही हलतात. डोनलने मला स्वतःचेच अंगठे धरून पोहायला लावलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही वेळ!

शेवटी काल तळाशी बसून दहा मिनिटं वृंदाचं निरीक्षण केलं. तिची विश्रांती चांगली आहे, पाच सेकंदांपर्यंत जाते. पण दोन दोष आढळले. एक, तिचा डावा घोटा पूर्ण बाहेर वळत नाही. दोन, उजवा पाय ती मुद्दाम आखडता घेते. कमाल आहे, दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही! बाहेर आल्यावर लगेच सांगितलं. "बरं," म्हणाली. सकाळी चहाच्या वेळी पुन्हा सांगितलं, पोळीचा तुकडा फिनसारखा धरून दाखवला. "बरं." मग ऑफिसात निघताना जिन्यात आठवण केली. तेव्हा तिने दार ओढून घेतलं. घाईत होती.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. ल्यूकनहून परेश आणि उर्मिला जेवायला आले होते. परेश माझा जुना सहकारी, उर्मिला वृंदाची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. वृंदाने आळूचं फदफदं आणि वाटली डाळ केली होती. आळू मिळवायला बरीच वणवण केली तिने.

मी एक सरप्राइज ठेवलं होतं. गेल्या मंगळवारी डोनलची परवानगी काढून तलावात वृंदाचं व्हिडिओ चित्रण केलं होतं. त्यावर पाच दिवस खपून अकरा स्लाइड्स केल्या. जेवणं झाल्यावर मोठ्या टीव्हीवर लावल्या. स्लाइड सात: डावा घोटा, अपेक्षित ९० अंश, प्रत्यक्ष ६२. लाल रेषा, हिरवी रेषा, सगळं व्यवस्थित. मी चित्र मागेपुढे करून दाखवत होतो. परेश म्हणाला, "अरे, हे म्हणजे परफॉर्मन्स रिव्ह्यू झालं!" सगळे हसले. उर्मिला म्हणाली, "वृंदा, अगं काय बेडूक दिसतेस तू!" वृंदाही हसली.

मग ती कॉफी करायला गेली. कॉफीला वीस मिनिटं लागली. चार कपांना वीस मिनिटं कशी लागतात? शेवटी उर्मिला आत गेली, तीही तिथेच राहिली. परेश म्हणाला, "पद्माकर, बंद कर ते आता." अजून चार स्लाइड्स बाकी होत्या.

मंगळवार, २२ एप्रिल

वृंदा तलावावर आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. रविवारपासून दुखतंय. मी म्हटलं, पाणी कमी पितेस तू. दिवसाला किमान दोन लिटर हवं.

शनिवार, १० मे

समुद्रातली माझी पहिली डाइव्ह. डॉल्कीचं बंदर, पाणी दहा अंश. अंगात ड्राय सूट, म्हणजे रबराचं पोतं, गळ्याशी इतकं घट्ट की डोळे बाहेर यावेत.

सहा मिनिटं. बस. सहा मिनिटांत डोनलने वर जायची खूण केली. तळ दिसला तेव्हा मी त्याच्याकडे बघून हाताने 'ठीक आहे ना?' ही खूण केली, पाय जरा खाली गेले, दोन किक मारल्या आणि सगळं जग तपकिरी झालं. पुरणाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं. माझा हातही मला दिसेना. गाळ खाली बसेल म्हणून थांबावं हे कळत होतं, पण पाय थांबत नव्हते आणि पाय थांबत नव्हते म्हणून गाळ बसत नव्हता.

धक्क्यावर चहा पिताना डोनल म्हणाला, "सहा मिनिटांत तू मला एकोणीस वेळा विचारलंस मी ठीक आहे का."

"सुरक्षिततेसाठी," मी म्हटलं.

"मी ठीक होतो," तो म्हणाला. "अधूनमधून इतरही काही बघ."

मला पाण्यात कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली. हे इथे लिहून ठेवतो, घरी सांगितलेलं नाही.

शनिवार, ७ जून

आज डोक्यात तिडीक गेली. ट्रिपचा तक्ता क्लबच्या फळ्यावर लागला. वरच्या श्रेणीच्या प्रत्येकाने आपल्याला कोण बडी हवा ते लिहायचं. वृंदाच्या नावापुढे तिच्या अक्षरात: फिनोला.

फिनोला! बासष्ट वर्षांची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बोटीच्या शिडीवर चढायला पाच मिनिटं घेते. आणि इथे घरचा माणूस तीन महिने पाय घासतोय.

घरी येऊन विचारलं. वृंदा भांडी लावत होती.

"फिनोलाबरोबर मला बरं वाटतं," ती म्हणाली.

"म्हणजे माझ्याबरोबर वाईट वाटतं?"

"तू अजून पास कुठे झालायस? आणि तू किती गाळ उडवतोस. डोनलच सांगत होता."

"आणि गाळ नाही उडवला तर?"

तिने ताट हातात धरून माझ्याकडे बघितलं. "मग बघू," म्हणाली.

ठीक आहे. अडचण तांत्रिक आहे. तांत्रिक अडचणी मी सोडवतो.

मंगळवार, १० जून

डोनलला फोन करून सांगितलं, हवं ते कर पण माझे पाय सरळ कर. तो हसला. आठवड्यातून तीन सकाळी तलाव उघडायच्या आधी ये, म्हणाला. स्वतःची कामं सांभाळून हा माणूस एक पैसा न घेता येणार. अशा माणसावर चिडताही येत नाही, ही आणखी एक कटकट.

शनिवार, २१ जून

डोनलची पद्धत अशी. तलावाच्या तळाशी प्लास्टिकचे बारा पेले ओळीने उभे करतो, प्रत्येकात छोटंसं वजन. त्यांच्यावरून वीतभर उंचीने जायचं. पेला पडला की परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी सगळे बाराच्या बारा झोपले.

पण खरा छळ दुसराच आहे. पेल्यांआधी पाच मिनिटं पाण्यात आडवं तरंगत राहायचं. किक नाही, हात नाही, खुणा नाहीत. काहीही करायचं नाही. मी चाळीस सेकंद टिकलो. आज तीन मिनिटांपर्यंत गेलो, आणि मधल्या वेळात डोक्यात काय चाललं होतं ते प्रामाणिकपणे लिहितो. भार्गवीने गणितात ती पायरी का गाळली. परेशने घराचं छप्पर वेळेत का नाही दुरुस्त केलं. डोनलच्या जॅकेटचा पट्टा पिळलेला आहे. वृंदाचा घोटा. एकेक जण येऊन उभा राहत होता आणि प्रत्येकाला माझं काहीतरी सांगायचं राहिलं होतं. मग सांगता येत नाही म्हणून ती मंडळी कंटाळून निघून गेली, आणि अर्धा मिनिट नुसते बुडबुडे ऐकू आले. विचित्रच वाटलं. वाईट नाही, पण विचित्र.

डोनलला विचारलं, वृंदाला हे करायला किती दिवस लागले?

"ती पहिल्याच दिवशी वीस मिनिटं राहिली," तो म्हणाला. "वर ये म्हणून मलाच खूण करावी लागली."

रविवार, ६ जुलै

बारा पेले! बाराच्या बारा उभे! जाऊन-येऊन दोनदा! किक मारली की शरीर सरळ पुढे घसरतं आणि आपण काहीच करत नसतो तरी पुढे जात असतो. हे मला कुणी आधी सांगितलं का नाही? सांगितलं होतं म्हणा.

वृंदाला सांगितलं तर तिने खरंच टाळी वाजवली. खूप दिवसांनी मोकळी हसली. मी लगेच म्हटलं, "मग आता तक्त्यावरचं नाव बदल." ती म्हणाली, "बघू." पुन्हा तेच. या घरात 'बघू' पलीकडे गाडीच जात नाही.

शनिवार, १९ जुलै

पास झालो. डॉल्की, एकतीस मिनिटं, गाळाचा कणही उडाला नाही. एका खडकासमोर मी आणि डोनल पाय दुमडून तरंगत राहिलो, तेव्हा कपारीतून शेवंडाच्या मिशा बाहेर आल्या, मग तो स्वतः. मी कुणालाच काही खूण केली नाही. विसरलोच.

वृंदा धक्क्यावर उभी होती. तिने ओल्या सूटसकट मिठी मारली मला. म्हणाली, "पहिली डाइव्ह आपण दोघं करू. शनिवारची. नाव बदलते मी."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच सांगून टाकलं, "आणि तुझा घोटाही मी खाली गेल्यावर नीट करून देतो. त्यासाठी एक खूण ठरवू."

ती फिनोलाची पिशवी उचलायला गेली. ऐकलं की नाही कळलं नाही.

शनिवार, २ ऑगस्ट, कोनेमारा

सगळं विस्कटलं. कागदावर उतरवतो म्हणजे डोकं तरी थंड होईल.

सकाळी दहाला उतरलो. वृंदा पुढे, मी मागे, पंधरा मीटर. माझी किक निर्दोष होती, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगेन. पाणी हिरवं, स्वच्छ. खाली शिंपले पसरलेले, गाळ मऊ, कुणी न छेडलेला. आणि माझ्या नाकासमोर तिचा डावा घोटा. वळत नव्हता. प्रत्येक किकला वळत नव्हता. मी दोनदा पुढे जाऊन घोट्यासाठी मी ठरवलेली खूण केली. तिने बघितलं आणि पुढे गेली. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. मी हात पुढे केला, तिचा घोटा धरला आणि बाहेर वळवून दाखवला.

ती वळली. मास्कमधून माझ्याकडे बघितलं. मग मूठ मिटून अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच, डाइव्ह संपली, वर चल. नऊ मिनिटं झाली होती.

क्लबचा नियम आहे की डाइव्ह कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने संपवू शकतो आणि त्याला 'का' म्हणून विचारायचं नाही. बोटीवर कुणी विचारलं नाही. डोनलने दोघांना चहा दिला आणि तो दोर गुंडाळत बसला.

दुपारी आम्ही उतरलोय त्या घराच्या मागच्या अंगणात सूट धूत होतो. होजपाइप तिच्या हातात होता. मी म्हटलं, "वृंदा, एवढं काय झालं? मी फक्त..."

"तो वळत नाही," ती म्हणाली.

"तेच तर सांगतोय, सरावाने..."

"पद्माकर, तो वळतच नाही. दोन हजार दहाचा डिसेंबर. बर्फ पडला होता. भार्गवी दोन वर्षांची, माझ्या कडेवर. दाराबाहेरच्या पायऱ्यांवरून घसरले. तिला वर धरलं आणि पायावर पडले. तू जर्मनीत होतास, मशीन तपासायला. मी फोन केला होता तुला. तू काय म्हणालास आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मग आठवलं.

"म्हणालास, बर्फ वितळायला पायऱ्यांवर आधीच मीठ टाकायला हवं होतंस."

पाणी नुसतंच हिरवळीवर वाहत होतं.

"तेव्हापासून तो एवढाच वळतो. डोनलने पहिल्याच दिवशी विचारलं, पायाला काही झालंय का. मग त्यानेच शिकवलं, उजवा पाय थोडा आखडता घे म्हणजे सरळ जाशील. तो तुझा दोष नंबर दोन." तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. "घरी मी पोळी करते तर गॅस मोठा आहे. गाडी लावते तर चाक तिरकं आहे. रडले तर पाणी कमी पिते. त्या दिवशी उर्मिलासमोर माझे पाय टीव्हीवर लावलेस. खाली कुणी मला काही सांगत नाही, पद्माकर. चाळीस मिनिटं. म्हणून जाते मी. मासे बघायला नाही जात. तिथे तरी नको रे."

मी म्हटलं, "मग आधी सांगायचंस ना."

ती म्हणाली, "हे बघ. आताही."

आणि होजपाइप माझ्या हातात देऊन आत गेली.

मी सगळे सूट धुतले. तिचा, माझा, फिनोलाचासुद्धा. राग आलाय. चांगलं व्हावं म्हणून सांगतो माणूस, परक्याला कोण सांगायला जातं? हे वाक्य लिहिलं आणि तीनदा वाचलं. चौदा वर्षं ज्या पायाबरोबर राहतोय त्याचे अंश मोजले मी. काय झालंय पायाला, एवढं विचारायला डोनल लागला. मला लाज वाटते. राग आणि लाज दोन्ही एकदम आहे, आणि कुठलं जास्त ते सांगता येत नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी नाश्त्याला वृंदा समोर बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आज तुला यायचं असेल तर ये माझ्याबरोबर. पास झालायस, मेहनत केलीस. नाही म्हणणार नाही मी."

पाच महिने मी ज्यासाठी पाय घासले ते टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवलेलं होतं.

डोनल शेजारच्या टेबलावरून विचारत होता, आज बोटीवर थांबायला कोण तयार आहे? खालच्यांच्या बुडबुड्यांवर नजर ठेवायला एक जण वर लागतोच. मी हात वर केला. का केला ते मला नीट मांडता येणार नाही. वृंदाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फिनोलाबरोबर जा. मी आहे वर."

ती आणि फिनोला अकराला उतरल्या. बुडबुड्यांच्या दोन रांगा हळूहळू खडकाकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या. वारा होता, बोट हलत होती. मला बोटीवरून कुणालाच काही सांगता येत नव्हतं. पंचविसाव्या मिनिटाला वाटलं, फार एका जागी आहेत. तिसाव्या मिनिटाला वाटलं, शिटी वाजवावी. वाजवली नाही. बेचाळिसाव्या मिनिटाला दोन डोकी वर आली.

शिडीशी आल्यावर वृंदाने एकेक फिन काढून वर दिली. मी घेतली. तिचा हात धरून तिला वर ओढलं. तोंडाशी शंभर प्रश्न आले होते. तेवढ्यात फिनोला शिडीवर अडकली, तिलाही ओढलं, आणि प्रश्न तसेच राहिले.

सोमवार, ४ ऑगस्ट, घरी

परतीच्या वाटेवर गॉलवे मागे पडलं. मी रेडिओ लावला नाही. अथलोनचा पूल ओलांडला आणि वृंदा एकदम म्हणाली, "काल ना, खडकाखाली एक कॉन्गर होती."

कॉन्गर म्हणजे समुद्री वाम. मी म्हटलं, "हो?"

"इतकं मोठं डोकं. माझ्या मांडीएवढी जाड. आम्ही थांबलो तशी ती सरकत सरकत बाहेर आली. अर्धी बाहेर आणि अर्धी आत. माझ्याकडे बघत होती रे. हलावंसंच वाटेना. मग तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि फिनोलाने माझा हात इतका दाबला!" तिने स्टिअरिंगवरचा माझा हात दाबून दाखवला. मग समुद्री गोगलगायी सांगितल्या, निळ्या ठिपक्यांच्या. खडकाला चिकटलेली मऊ पोवळी, माणसाच्या बोटांसारखी. खालून माझी बोट कशी दिसत होती ते, एक काळा ठिपका, आणि कडेला वाकून बघणारं माझं डोकं. दोन वर्षांचं 'छान होतं' एकदम उलगडत होतं आणि मी रस्त्यावरून नजर काढत नव्हतो, न जाणो थांबली तर.

"किती लांब असेल सांगू ती कॉन्गर?" वृंदा म्हणाली. "दोन मीटर. सहज."

मास्कच्या काचेतून पाण्याखालची वस्तू मूळ आकाराच्या तेहतीस टक्के मोठी दिसते. हे क्लबच्या पुस्तकात आहे, मला पानासकट माहीत आहे. दोन मीटर म्हणजे खरी दीडच.

"दोन मीटर!" मी म्हटलं. "बापरे."

किनेगाड येईपर्यंत ती अडीच मीटरची झाली होती. मी विचारलं, "मग पुढे?"